मिशनच्या रेडिओवर मिस्सा लागत नाही

आधीच सांगून टाकते: आमच्या सामुदायिक रेडिओवर, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या छोट्या एफएम केंद्रावर, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना लागत नाही. रोझरी नाही, प्रवचन नाही. परवाना कॅथलिक संस्थेच्या नावाने, स्टुडिओ मिशनच्या आवारात, टॉवर चर्चच्या मागे. पण माइकवर बोलणाऱ्यांतले बहुतेक जण चर्चची पायरी कधी चढलेले नाहीत. हे असं कसं झालं आणि त्यासाठी कायकाय कागद गोळा करावे लागले, ते ओळीने लिहिते. आम्ही सुरुवात केली तेव्हा हे सांगणारं जवळपास कोणी नव्हतं.

गाव परतवाड्याहून मेळघाटकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी. खाली संत्र्याच्या बागा आणि कपाशी, वर कोरकूंच्या वस्त्या. घरात वऱ्हाडी, डोंगरात कोरकू, आठवडी बाजारात हिंदी. मी मिशनच्या समाजसेवा संस्थेत महिला बचत गटांचं काम पाहते. रेडिओतलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये वरच्या वस्त्यांत ना शाळा पोचली, ना मोबाइलची रेंज. दवाखाना कधी उघडा, रेशन कधी वाटणार, हे सांगायला आमच्या सिस्टर ऑटोवर भोंगा बांधून फिरायच्या. ऑटो जिथवर चढेल तिथवरच निरोप जायचा. तेव्हा फादरांनी रेडिओचा विषय काढला. ते केरळचे. वायनाडमध्ये मानंतवाडी धर्मप्रांताच्या वायनाड सोशल सर्व्हिस सोसायटीने २००९ मध्ये रेडिओ माट्टोली सुरू केला, तो त्यांनी जवळून पाहिलेला. तिथेही डोंगर, तिथेही आदिवासी, आणि त्यांच्या बोलींत कार्यक्रम. त्याहून जुनी गोष्ट त्यांनी सांगितली ती कोलंबियातल्या सुतातेन्सा गावची. तिथे १९४७ मध्ये होसे होआकिन साल्सेदो नावाच्या एका पाद्रीबुवांनी छोटा ट्रान्समीटर लावून शेतकऱ्यांना लिहा-वाचायला शिकवलं. ‘त्यांना जमलं तर आपल्याला का नाही,’ असं फादर म्हणाले. मी मनात म्हटलं, त्यांना चेंज रिपोर्ट भरावा लागला नसेल. त्याची गोष्ट पुढे येतेच.

नियम थोडक्यात असे. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. आधी फक्त शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओ काढता यायचा. २००६ च्या धोरणाने नोंदणीकृत ना-नफा संस्थांनाही दार उघडलं. संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी. एकट्या माणसाला परवाना नाही, राजकीय पक्षाला नाही. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, शक्यतो त्यांच्याच बोलीत. बातम्या आणि राजकारण बंद. आकाशवाणीच्या बातम्या मात्र काटछाट न करता जशाच्या तशा लावता येतात.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा यावर आमच्यात पहिला खल झाला. पॅरिशच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या नावाने करावा, असं काहींचं म्हणणं. पण रेडिओ समाजाचा असतो आणि कामाचा तीन वर्षांचा दाखला द्यावा लागतो. तो बचत गट, दवाखाना, पाणलोट यांचा होता आणि सगळा समाजसेवा संस्थेच्या नावावर होता. अर्ज संस्थेचाच गेला. तुमच्याकडेही अशी वेगळी संस्था असेल तर दुसरा विचारच करू नका.

मग गावोगावच्या बैठका. अर्जासोबत पाहणी जोडावी लागते: लोकांना काय हवं, काय ऐकतात, रेडिओ संच आहे का. आम्ही २०२१ च्या दिवाळीनंतर सुरुवात केली, कपाशीच्या वेचणीत. दिवसा कोणी सापडायचं नाही, म्हणून संध्याकाळी. एका ग्रामसभेत एक काका उभे राहिले आणि म्हणाले, ‘फादर, सरळ इचारतो. हे बाटवाबाटवीचं काम तं नाही ना?’

सभा एकदम गप्प. मला घाम फुटला. फादर मात्र चिडले नाहीत. त्यांनी धोरणातली कलमं मी मराठीत उतरवून दिली होती, तो कागद काढला आणि वाचला. धार्मिक भावनांचा गैरफायदा घेणारं किंवा दुसऱ्याच्या श्रद्धेला धक्का लावणारं काही लावता येत नाही. जे जे प्रसारित होईल त्याचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं. ‘तुम्हाला शंका आली तर या आणि ऐका,’ ते म्हणाले. काकांनी थोडा विचार केला. ‘मंग आमचा भजनी मंडळवाला बी घ्या कमिटीत. तो ऐकत जाईन.’

घेतला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणणारा हा माणूस आज आमच्या कार्यक्रम समितीत सर्वांत वक्तशीर आहे. वरच्या वस्तीतला एक भुमका, म्हणजे कोरकूंचा पारंपरिक वैदू, तोही समितीत आहे. यावर दवाखान्याच्या सिस्टरांनी आधी नाक मुरडलं होतं. पण आजारी पोराला घेऊन लोक पहिले भुमकाकडेच जातात. मग ‘ताप उतरत नसेल तर दवाखान्यात न्या’ हे त्याच्या तोंडून गेलेलं काय वाईट?

खरी अडचण दुसऱ्या बाजूने आली. रविवारी मिस्सेनंतर अंगणात चहा होतो, तिथे हा विषय निघायचा. वर्गणीला पहिली पावती फाडणाऱ्या मावशीच तावातावाने म्हणाल्या, ‘आमी पैसे देवाले देतो, अन् त्या रेडूवर देवाचंच नाव नाई? कायचा मंग तो मिशनचा रेडू?’ त्यांचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. मिस्सा लावू नका असं वाक्य धोरणात कुठेही नाही. तो निर्णय आमचा होता. आजूबाजूला कॅथलिक घरं मोजकी, बाकी गावं कोरकूंची, कुणब्यांची, बौद्धांची, माळ्यांची. सकाळी सातला मिस्सा लागली की उरलेली गावं बटण फिरवणार आणि पुन्हा त्या जागेवर येणार नाहीत. शेवटी तोडगा निघाला तो सणांचा: ज्याचा सण त्या दिवशी त्याची गाणी. नाताळला आमची, होळीला कोरकूंची, भीमजयंतीला बुद्धविहारातल्या मुलींची. मावशींना पटलं नाही. वर्गणी मात्र त्यांनी परत मागितली नाही. काहींनी मागितली, आणि आम्ही दिली.

आता चेंज रिपोर्ट. मिशनच्या संस्था चालवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. महाराष्ट्रात संस्था सोसायटी कायद्याखाली नोंदलेली असते आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करून तो मंजूर करून घ्यायचा. तेव्हा परिशिष्ट एकवर नवी नावं चढतात. आमच्याकडे दर काही वर्षांनी फादरांची बदली होते, अध्यक्ष बदलतो, पण परिशिष्टावर नाव जुन्याचंच राहून गेलेलं. त्यातले एक फादर तर स्वर्गवासी झालेले. रेडिओ केंद्राच्या अर्जात कार्यकारिणीची यादी द्यायची आणि ती परिशिष्टाशी जुळली पाहिजे. जुने ठराव, राजीनामे, सूचना दिल्याचे पुरावे शोधता शोधता २०२२ चा उन्हाळा गेला. बिशप हाऊसच्या एका कपाटात मिनिट बुकं सापडली, वाळवीने कडा खाल्लेली. वकिलाची फी वेगळी. रेडिओचं स्वप्न पडल्याबरोबर सगळ्यात आधी परिशिष्ट एकची प्रत काढा आणि त्यावरच्या नावांपैकी किती जण हयात आहेत ते बघा.

बाकी कागद तुलनेने सोपे: नोंदणीचं प्रमाणपत्र, घटना, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल, पैसा कुठून आणणार याचं निवेदन, जागेचा नकाशा. नकाशात अक्षांश-रेखांश अंश, मिनिट, सेकंदांत द्यावे लागतात. मोबाइल ते दशांशात दाखवतो, तेव्हा रूपांतर दोनदा तपासा आणि टॉवर जिथे उभा राहणार त्याच जागी उभं राहून घ्या. पुढे वायरलेसच्या, म्हणजे लहरींच्या मंजुरीच्या अर्जात हेच आकडे पुन्हा येतात. दोन्हीकडे फरक पडला की प्रश्न सुरू.

अर्ज ऑक्टोबर २०२२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर गेला. प्रक्रिया शुल्क २,५०० रुपये. हे वाचून सगळ्यांना वाटतं की रेडिओ स्वस्त आहे.

त्यानंतर वाट बघणं. अर्ज गृह, संरक्षण अशा खात्यांकडे फिरतो. एक दिवस ठाण्यातून जमादारांचा फोन आला. कार्यकारिणीतल्या सगळ्यांचे आधार घेऊन या. कॅथलिक संस्था आणि पोलीस चौकशी म्हटल्यावर आमच्या खजिनदारांना रात्रभर झोप नाही. प्रत्यक्षात जमादारांनी पत्ते तपासले, सह्या घेतल्या, चहा मागवला आणि विचारलं, ‘म्हंजे तुमी सिनेमाचे गाणे लावसान का?’ आम्ही म्हटलं, गाण्यांच्या मालकी हक्काचे पैसे भरावे लागतात, परवडणार नाही. त्यांचा चेहरा पडला.

या काळात परदेशी पैशाचा एक मुद्दा आमच्या हिशेबनिसाने काढला, तो फार उपयोगी ठरला. मिशनच्या पुष्कळ संस्थांची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी असते. त्या कायद्यानुसार ध्वनिरूप बातम्या किंवा चालू घडामोडी प्रसारित करणाऱ्या संस्थेला परदेशी देणगी घेता येत नाही. सामुदायिक रेडिओवर बातम्या नसतातच. तरी सीमारेषेवर पाय नको, म्हणून रेडिओचं खातं वेगळं काढलं आणि त्यात परदेशी रुपयाही येऊ दिला नाही. शिवाय हवामान, परीक्षा, नोकरीच्या जागा, आरोग्याच्या सूचना एवढ्यावरच माहिती थांबवायची असं लिहून घेतलं. सरपंचाने रस्ता का केला नाही, हे आमच्या रेडिओवर येत नाही. लोक रागावतात. रागावू देत.

जून २०२३ मध्ये जे व्हायचं तेच झालं: फादरांची बदली. नवे फादर आले, चांगले, पण अर्जावर सही जुन्यांची. म्हणजे पुन्हा ठराव, पुन्हा चेंज रिपोर्ट, पुन्हा मंत्रालयाला पत्र. तेव्हापासून अधिकृत सही करणारी म्हणून मला नेमलं आहे, कारण माझी बदली होत नाही, सासर इथलंच.

मंत्रालयाच्या समितीपुढचं सादरीकरण व्हिडिओ कॉलवर झालं. गावचं नेट भरवशाचं नाही म्हणून अमरावतीला नणंदेच्या घरी बसून केलं. त्यांनी तीन-चारच गोष्टी नीट विचारल्या: कार्यक्रम कोण करणार, बायका किती, पैसा कुठून, कोरकूत किती वेळ. धर्माबद्दल विचारतील म्हणून मी रात्रभर उत्तरं घोकली होती. ती कोणी विचारलीच नाहीत.

आशयपत्र, म्हणजे लेटर ऑफ इंटेंट, डिसेंबर २०२३ मध्ये ईमेलने आलं. नाताळची तयारी चालू होती, गव्हाणीसाठी तणस आणायला पोरं गेलेली. मी प्रिंट काढून फादरांना दाखवली. ‘छान. आता पुढे काय?’ म्हणाले. पुढे बरंच होतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारित धोरण आलं आणि आमचा फायदा झाला. परवानगीची मुदत पाचऐवजी दहा वर्षं. जाहिरातीला तासाला सातऐवजी बारा मिनिटं. सल्लागार व कार्यक्रम समितीत निम्म्या तरी बायका हव्यात, असंही त्यात आलं. आमच्याकडे त्या आधीच जास्त होत्या. पण आशयपत्राची मुदत एक वर्ष, अडचण आली तर वर तीन महिने. तेवढ्यात बाकीच्या मंजुऱ्या घेऊन केंद्र उभं करायचं.

फ्रिक्वेन्सी आणि सॅक्फा, म्हणजे टॉवरच्या जागेची मंजुरी, दूरसंचार खात्याकडून येते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. टॉवरची उंची, समुद्रसपाटीपासूनची उंची, विमानतळ किती लांब, असे प्रश्न. टॉवर जमिनीपासून ३० मीटरपेक्षा उंच चालत नाही आणि शक्ती साधारण १०० वॅट. सपाटीवर दहा-एक किलोमीटर ऐकू येतं. या टप्प्यावर माहितगार माणूस धरा, पैसे गेले तरी चालतील. मी स्वतः भरायला बसले आणि तिसऱ्या पानावर उठले.

मंत्रालयाशी होणाऱ्या करारासाठी २५,००० रुपयांची बँक हमी लागते. रक्कम छोटी, डोकेदुखी मोठी. आमच्या शाखेत अशी हमी कधी कोणी काढली नव्हती. मॅनेजरसाहेबांनी मंत्रालयाचा नमुना चष्मा वर करून वाचला, खाली करून वाचला, मग म्हणाले, ‘मॅडम, यात आमचा नमुना चालणार नाही का?’ चालत नाही. शब्द न् शब्द त्यांचाच हवा. जिल्ह्याच्या शाखेकडून करून आणावी लागली. करार झाल्यावर वायरलेसचा चालवण्याचा परवाना येतो. शिवाय लहरींचं शुल्क दरवर्षी भरायचं, आजघडीला वीस हजारांच्या आत.

उभारणीचा खर्च एकूण चौदा लाखांच्या आसपास गेला. ट्रान्समीटर, अँटेना, केबल मिळून साडेचार; टॉवर पायासकट अडीच; स्टुडिओतली यंत्रं दोन; खोली दुरुस्ती, सोलर आणि बॅटऱ्या, बाकी किरकोळ. निम्मे धर्मप्रांताने दिले, उरलेले वर्गणी आणि बचत गटांच्या महासंघाकडून. टॉवरच्या पायाला हात आखडता घेऊ नका. आमची काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगते. मुरूम लागेपर्यंत खोदलं. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरताना एक आजोबा विचारत होते, ‘कोनाले पुरून रायले बाप्पा?’

स्टुडिओ म्हणजे जुन्या बालवाडीची खोली, वर टिनपत्रे. मेळघाटचा पाऊस टिनावर पडायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, रेकॉर्डिंग कुठलं? आवाज अडवायच्या तयार पाट्यांचा भाव ऐकून आम्ही गप्प बसलो. मग टिनाखाली लाकडी छत, त्यावर वाळल्या तणसाची पोती, आणि भिंतींना बचत गटाच्या बायकांनी आणलेल्या जुन्या गोधड्या, दुहेरी घडी करून पट्ट्यांनी ठोकलेल्या. इंजिनिअर पोरगा आला, मध्ये उभा राहून टाळी वाजवली, पुन्हा वाजवली आणि म्हणाला, ‘बहुत बढिया.’ उंदीर होतात. दर महिन्याला तपासतो.

बोलणाऱ्यांचं शिक्षण हा वेगळाच प्रकार. बचत गटाची एक ताई ओट्यावर बसून तासभर न थांबता बोलते. तिच्यापुढे माइक धरला तर ती थेट शाळेच्या पुस्तकातलं बोलायला लागली. ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की…’ कागद काढून घेतला. म्हटलं, ‘ताई, तुझ्या सुनेले सांग.’ ‘ते कुठं ऐकते माह्यं,’ म्हणून ती जी सुरू झाली, तोच आमचा पहिला कार्यक्रम झाला, फवारणीवर. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतमजूर दगावले, त्यानंतर या विषयाला आमच्याकडे सगळे कान देतात. वारा येतो तिकडे तोंड करून फवारू नको, तंबाखूचा हात तोंडात घालू नको, कपडे वेगळे धू. मध्ये मध्ये सिस्टर लक्षणं सांगतात.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रान्समीटर चालू केला. सुरुवातीला अँटेनाकडून परत येणारी शक्ती जास्त दाखवत होती. इंजिनिअर पोरगा टॉवरवर चढून जोडण्या पुन्हा आवळून आला तेव्हा काटा बसला. मग दोन पोरं मोटारसायकलवर संच घेऊन निघाली. खालच्या गावांतून फोनवर फोन, ‘येऊन रायलं, येऊन रायलं!’ घाटाच्या तिसऱ्या वळणानंतर खरखर. एफएमला डोंगर ओलांडता येत नाही हे कागदावर माहीत होतं, पण ज्या वस्त्यांसाठी एवढं केलं त्यांतल्या काही नेमक्या त्या वळणापलीकडे. तिथल्यांसाठी आठवड्याचे कोरकू कार्यक्रम मेमरी कार्डावर भरून आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंबरोबर पाठवतो.

संचांचंही सांगते. नव्या स्मार्टफोनमध्ये एफएम बहुधा नसतंच. बटणाच्या फोनमध्ये असतं, पण पुष्कळांत इअरफोन खोचल्याशिवाय लागत नाही, कारण त्याची वायरच अँटेनाचं काम करते. लोकांना वाटायचं रेडिओच बंद आहे. आम्ही आठवडी बाजारात टेबल टाकून हे दाखवत बसलो तेव्हा ऐकणारे वाढले.

सध्या सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ असं चालतं. संत्र्याची फळगळ, कपाशीची बोंडअळी, गरोदरपण, दहावीचं गणित, भजन, कोरकू गाणी. महिन्याचा खर्च तीस-पस्तीस हजार, त्यात दोन पोरींचं मानधन, वीजबिल, नेट. जाहिराती बियाण्याच्या दुकानाच्या, शिकवणीच्या आणि एका बँडपथकाच्या. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदाला ७४ रुपये झाला आहे, पण त्यासाठी केंद्रीय संचार ब्युरोच्या यादीत नाव लागतं. तो अर्ज या महिन्यात भरायचा आहे. त्यातही कार्यकारिणीची यादी मागितली आहे. फादरांना इथे येऊन आता तीन वर्षं होतील, म्हणून बदलीच्या आतच भरून टाकते.